आठ चौकोन आणि आमचा बँड : स्पर्धेतील गटवारीचा माझा अनुभव

इंदूरमधील ज्या आंतरशालेय बँड स्पर्धेत आमच्या शाळेने भाग घेतला, तिच्या प्रवेशअर्जावर गटासाठी आठ चौकोन छापलेले होते आणि त्यांपैकी एकाही चौकोनात आमचा बँड बसत नव्हता. ब्रास (ट्रंपेटसारखी पितळी वाद्ये) की पाइप (मशकबीन), मुले की मुली, कनिष्ठ की वरिष्ठ, अशा तीन प्रश्नांतून ते आठ चौकोन तयार झाले होते. आमच्या बँडमध्ये आठ साइड ड्रम, दोन बेस ड्रम, एक टेनर ड्रम, दोन झांजा, एक ट्रँगल, चार बिगुल आणि सहा बासऱ्या आहेत. बँडच्या पुढे चालून इशारे देणारी ड्रम मेजर धरून पंचवीस विद्यार्थी. त्यांत पंधरा मुली आणि दहा मुले, सहावीपासून अकरावीपर्यंतची. म्हणजे तिन्ही प्रश्नांना आमचे उत्तर ‘दोन्ही’ किंवा ‘दोन्ही नाही’ असे होते. बँडची जबाबदारी शाळेने माझ्याकडे सोपवलेली असल्यामुळे हे उत्तर आयोजकांच्या गळी उतरवणे मलाच भाग होते.

बाकीच्या कागदपत्रांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. बोनाफाइड, पालकांची संमतिपत्रे, मुख्याध्यापिकाबाईंची सही-शिक्का, प्रवेश शुल्क हे सगळे विनासायास झाले. जे अडले ते गटाच्या रकान्यापाशी अडले आणि अर्ज भरण्याची मुदत संपत आली तरी तिथून हलेना.

हे आठ चौकोन आले कुठून, हे आधी सांगायला हवे. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने संरक्षण आणि शिक्षण मंत्रालयांतर्फे जी राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा होते, तिच्यात चार गट असतात : मुलांचा ब्रास, मुलींचा ब्रास, मुलांचा पाइप आणि मुलींचा पाइप. राज्य, विभाग आणि मग दिल्ली अशी तिची चढण आहे. आमच्या स्थानिक आयोजकांनी तेच चार गट उचलले, आठवीपर्यंत कनिष्ठ आणि नववीपासून पुढे वरिष्ठ अशी वयाची रेघ त्यांवर मारली आणि अर्ज छापून घेतला. ज्या शाळांकडे ट्रंपेट, ट्रॉम्बोन, युफोनियम घेण्याइतका पैसा आहे, त्यांच्यासाठी हे ठीकच आहे. आमच्यासारख्या मध्यम ऐपतीच्या मराठी शाळांमध्ये मात्र बँड म्हणजे ड्रम, बिगुल आणि बासरी, आणि तो गेली कित्येक वर्षे तसाच चालत आलेला आहे. शहरातले बरेचसे शालेय बँड याच घडणीचे असताना अर्जात त्यांनाच जागा नसावी, याचे मला आजही नवल वाटते.

आयोजकांच्या कार्यालयात अर्ज घेणाऱ्या खिडकीवरच्या बाबूंनी वाद्यांची यादी वाचली आणि विचारले, “मैडम, बिगुल पीतल का है ना? फिर ब्रास में टिक कर दीजिए.” मी त्यांना सांगितले की, बिगुलाला झडपा नसतात, ओठांच्या ताणावर त्यातून मोजके पाच-सहा स्वरच निघतात आणि त्यांवर इशारे वाजवता येतात, गाण्याची धून वाजवता येत नाही. तीन झडपांच्या ट्रंपेटवर संपूर्ण सप्तक कोमल-तीव्र स्वरांसह वाजते. दोघांना एकाच रांगेत उभे करून ‘स्वरमेळ’ या रकान्यात गुण द्यायचे, तर बिगुलवाल्या मुलांनी काय करायचे? अखिल भारतीय पोलीस बँड स्पर्धेतसुद्धा ब्रास, पाइप आणि बिगुल हे तीन प्रकार वेगवेगळे धरतात, हेही मी त्यांना सांगितले. बाबूंनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाले, “तो फिर पाइप में डाल दीजिए. बाँसुरी में भी फूँक मारते हैं, उसमें भी फूँक मारते हैं.”

पाइप बँड म्हणजे मशकबीन. पिशवीत हवा भरलेली, खांद्यावर ड्रोन नावाच्या तीन नळ्या अखंड घुमत असलेल्या आणि खाली नऊ स्वरांची नळी. तिचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत जातो. आमच्या सहा बासऱ्या दोन बेस ड्रमांच्या मागे उभ्या केल्या, तर तिसऱ्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ऐकू येत नाहीत. म्हणून आमचे बँड मास्तर धून सुरू झाली की साइड ड्रमवाल्यांना कड्यावर वाजवायला लावतात आणि बेस ड्रम जवळजवळ थांबवतात. हा सगळा तोल सांभाळण्यातच आमच्या वादनाचे कसब आहे, आणि पाइप बँडच्या गुणपत्रिकेत त्याला एकही गुण नाही.

वाद्यांचे निस्तरत नाही तोवर मुली आणि मुलांचा प्रश्न पुढे आला. प्रत्येक गटात किमान अठरा वादक हवेत, अशी अट होती. पंधरा मुलींचा वेगळा बँड करावा तर अठरा भरत नाहीत, दहा मुलांचा तर विचारच नको. यावर मला देण्यात आलेला सल्ला असा की, सर्वांना ‘मुले’ या चौकोनात दाखवावे आणि मुलींची नावे राखीव खेळाडू म्हणून लिहावीत. आमची ड्रम मेजर ही अकरावीतली मुलगी आहे. संपूर्ण बँड जिच्या हातातल्या मेसच्या (दंडाच्या) इशाऱ्यावर चालतो आणि थांबतो, तिला राखीव म्हणून लिहायचे! तो कागद मी तिथेच टेबलावर परत ठेवला. तुमच्यावर अशी वेळ आली तर तडजोड म्हणूनही हे लिहून देऊ नका, कारण नंतर प्रमाणपत्रेही त्याच यादीवरून छापली जातात.

वयाच्या रेघेबद्दल माझा विरोध थोडा मवाळ आहे, कारण तिच्यामागे निदान एक खरे कारण आहे. संचलनाचे पाऊल ३० इंचांचे आणि मिनिटाला १२० पावले असा लष्करी शिरस्ता आहे, आणि सहावीतल्या मुलाला गळ्यात ड्रम अडकवून ३० इंचांचे पाऊल टाकता येत नाही. पण याचा उपाय लहान बँडना लहान पाऊल मंजूर करणे हा आहे. एकत्र शिकलेला, एकत्र सराव करणारा बँड इयत्तेवरून कापून दोन करणे हा नव्हे. आमच्याकडे मोठी मुले धाकट्यांना शिकवतात. आठवीशी रेघ मारली की शिकवणारे एका बाजूला आणि शिकणारे दुसऱ्या बाजूला जातात.

खिडकीवरून मला समन्वयकांकडे पाठवण्यात आले, समन्वयकांनी तांत्रिक समितीकडे बोट दाखवले आणि तांत्रिक समितीची बैठक कधी होणार हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रत्येक वेळी “लेखी द्या” असे सांगण्यात येई आणि लेखी दिले की ते कागदांच्या गठ्ठ्यात जाई. अखेर मी आवक क्रमांक घालून घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठायचे नाही, असे ठरवले. क्रमांक पडला, प्रतीवर शिक्का बसला आणि त्यानंतर मात्र माझ्या अर्जाला कोणी “मिळालाच नाही” म्हणू शकले नाही.

त्या अर्जात मी नुसती तक्रार लिहिली नाही, इतर ठिकाणी गट कसे पाडतात तेही मांडले. अमेरिकेत ड्रम कोअर इंटरनॅशनल या संस्थेच्या ड्रम-बिगुल पथकांच्या स्पर्धा १९७२ पासून होतात; तिथे पूर्वी पहिला, दुसरा, तिसरा असे विभाग होते, ते मोडून २००८ मध्ये वर्ल्ड क्लास आणि ओपन क्लास असे दोनच ठेवले गेले. बँड्स ऑफ अमेरिकाच्या स्पर्धांत शाळेच्या पटसंख्येवरून गट ठरतो. ही पद्धत आपल्याकडे बिनकामाची आहे, कारण तिथे बँड हा शाळेतला शिकण्याचा विषय आहे, त्यामुळे मोठ्या शाळेचा बँड मोठा होतो. इंदुरात तीन हजारांच्या शाळेचा बँड तीसच मुलांचा असू शकतो आणि पाचशेंच्या शाळेचाही तीसच मुलांचा असू शकतो. विंटर गार्ड इंटरनॅशनल या तिथल्याच आणखी एका संस्थेच्या स्पर्धांत आधी शाळेचा संघ की स्वतंत्र संघ हे पाहतात आणि मग तयारीच्या पातळीवरून ए, ओपन आणि वर्ल्ड असे वर्ग पाडतात. एखादा संघ आपल्या वर्गाच्या फार पुढे वाजवत असेल तर त्याला वरच्या वर्गात घालतात.

मला सर्वांत पटलेली रीत मात्र स्कॉटलंडची. तिथल्या पाइप बँड संघटनेने पहिल्या श्रेणीपासून ४ ब पर्यंत उतरंड केली आहे, मुलांच्या बँडसाठी निराळ्या श्रेणी ठेवल्या आहेत आणि हंगामातल्या कामगिरीवरून बँडला वर चढवले किंवा खाली उतरवले जाते. पण खरी गोष्ट पुढेच आहे : श्रेणीप्रमाणे वाजवायचेही बदलते. खालच्या श्रेणीत साध्या मार्चच्या चाली, तर पहिल्या श्रेणीत मार्च, स्ट्रॅथस्पे आणि रील (या दोन तिथल्या नृत्याच्या चाली) यांची सलग मालिका व त्याशिवाय मेडली, म्हणजे निरनिराळ्या चाली जोडून केलेले वादन. परीक्षकांतही पाइपचे वेगळे, ड्रमचा वेगळा आणि सर्व वादन मिळून कसे झाले हे ऐकणारा वेगळा. माझे म्हणणे एवढेच होते आणि आहे की, गट पाडताना वाजवणारा मुलगा आहे की मुलगी, आठवीत आहे की नववीत, हे विचारण्याआधी त्याला काय वाजवायला सांगणार आणि ते कोणत्या कानाने ऐकणार हे ठरवावे. वाद्यांचा प्रकार पहिला, तयारीची पातळी दुसरी, आणि वादकांच्या संख्येला फक्त वरची व खालची मर्यादा. मुले-मुली हा भेद वादनात करायचे मला तरी काही कारण दिसत नाही.

या अर्जाचा उपयोग झाला तो समितीतल्या एका सदस्यामुळे. महूला स्थायिक झालेले हे निवृत्त सुभेदार लष्करी बँडमध्ये होते आणि त्यांचे शिक्षण पचमढीच्या लष्करी संगीत विभागात झालेले. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, “पहिले बजवा के दिखाइए.” ते शाळेत आले, तेव्हा आमची मुले प्रार्थनेच्या मैदानावर उभीच होती. सुभेदार साहेबांनी पूर्ण धून ऐकण्याआधी चारही बिगुलांना एकच लांब स्वर धरायला सांगितले, प्रत्येकाच्या समोर क्षणभर थांबून ऐकले आणि तिसऱ्या मुलाच्या बिगुलाचे मुखनळ किंचित बाहेर ओढून पुन्हा वाजवायला लावले. चढलेला स्वर जागेवर आला. आमच्या मास्तरांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा होता, कारण त्या बिगुलाशी ते दोन महिने भांडत होते. मग साहेबांनी बासऱ्यांचा तुकडा दोनदा ऐकला, वादकांची यादी मागवली आणि तिच्यावरच तीन ओळी लिहिल्या : हा बँड ब्रास नाही, पाइप नाही; ड्रम-बिगुल-बासरीचा मिश्र बँड आहे; त्याला स्वतंत्र खुला गट द्यावा.

त्यानंतर अर्जावर आठ चौकोनांच्या खाली बॉलपेनने नववा चौकोन काढण्यात आला. तो काढताना बाबूंनी पट्टी वापरली, हे मी आवर्जून नोंदवते. बातमी फुटताच आणखी दोन शाळा त्या गटात आल्या. त्यांतली एक मूळची ‘ब्रास, वरिष्ठ’मध्ये मनाविरुद्ध नाव घालून बसलेली होती.

स्पर्धेत आमचा दुसरा क्रमांक आला. पहिला क्रमांक ज्यांना मिळाला त्यांचे संचलनातले वळण आमच्याहून सफाईदार होते, यात वाद नाही. स्वरांत आम्ही पुढे होतो असे माझे मत आहे आणि सुभेदार साहेबांचेही असावे, कारण त्यांनी निघताना आमच्या बिगुलवाल्यांना एकेकाला नावाने हाक मारून शाबासकी दिली.

आता आठवते म्हणून सांगते : अर्ज देण्यापूर्वी गुणपत्रिकेचा नमुना मागून घ्या. गट कोणता हे गुणपत्रिकाच सांगते. अर्जावरचा चौकोन नंतरचा. स्पर्धेनंतर आपल्या गुणपत्रिकेची प्रतही मागा. आम्हाला ती तोंडी विचारून मिळाली नाही, लेखी मागितल्यावर मिळाली. वाद्यांची यादी संख्येसह द्या, नुसते ‘बँडची वाद्ये’ असे लिहू नका. वादनाची मोबाइलवर ध्वनिफीत करून ठेवा, कारण प्रत्येक ठिकाणी शाळेत येऊन ऐकणारे परीक्षक भेटतीलच असे नाही. आणि किमान संख्येची अट वादकांची आहे की ड्रम मेजर धरून, हे लेखी विचारा. आमच्या खुल्या गटातल्या एका शाळेची यावरूनच ऐन वेळी पंचाईत झाली.

यंदाच्या अर्जावर नववा चौकोन छापून आला आहे. वर ‘खुला गट – मिश्र वाद्ये, मुले व मुली’ असे स्वच्छ लिहिले आहे. त्याखाली बारीक अक्षरांत अशी सूचना आहे की, या गटास फक्त प्रथम पारितोषिक देण्यात येईल. तेव्हा पुढचा अर्ज मी लिहायला घेतला आहे आणि या वेळी आवक क्रमांक पहिल्याच फेरीत घेणार आहे.