आमची वाटचाल : पडोलीचं शेड आणि एसीचा क्लच

पडोली चौकातून घुग्घुस रस्त्याला लागलं की आमचं शेड दिसतं. बाबांनी ते ट्रकच्या वायरिंगसाठी टाकलं. सेल्फ, अल्टरनेटर करत करत आम्ही एसीत आलो. चंद्रपूरचा मे ज्यानं केबिनमध्ये काढलाय, त्याला वेगळं सांगायला नको. बाहेर ४६-४७ डिग्री आणि बुडाखाली इंजिन. तरी मालक म्हणायचे, ड्रायव्हरला एसी कशाला, झोप लागेल.

पहिलं काम घुग्घुसच्या काकांच्या ट्रेलरचं. एसीचा क्लच कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबणाऱ्या पंपाला, इंजिनशी जोडतो-सोडतो. पट्टा पुली फिरवतो, करंट मिळाला की कॉइल चुंबक होऊन समोरची प्लेट पुलीला चिकटवते. तर त्या पुलीचं बेअरिंग जाम, पट्टा जळून धूर. दुसरीकडे त्यांना अख्खा कॉम्प्रेसर टाका म्हणून सांगितलं होतं. बाबांनी समोरचा नट खोलला, प्लेट ओढली, सरक्लिप काढून पुली उतरवली आणि नवं बेअरिंग दाबलं. गॅस सोडलाच नाही. क्लच कॉम्प्रेसरच्या बाहेर असतो, गॅसला हात लावायची गरजच काय? नट खोलताना प्लेट धरायचा पाना बाबांनी ट्रकच्या स्प्रिंगच्या तुटलेल्या पाट्यातून घडवला होता, तीन पिना वेल्ड करून. आजही तोच चालतो. बाजारातले चकचकीत सेट गंजलेल्या नटावर वाकतात, हे मी पैसे घालवून शिकलोय.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग तो उन्हाळा आला.

सप्लायरकडून कॉइलची पेटी आली, प्रत्येकीवर २४ व्होल्टचं लेबल. पंधरा दिवसांत ११ गाड्या परत. कॉइल काळ्याठिक्कर, वास असा की शेडमध्ये उभं राहवेना. रात्री एक कोरी कॉइल मीटरला लावली तर साडेतीन ओम! चोवीसची कॉइल चौदा-पंधराच्या आसपास दाखवते. बाराच्या कॉइलला चोवीसचं लेबल मारलं होतं. दुप्पट व्होल्टेजला चौपट उष्णता, ती जळणारच. सप्लायरनं हात वर केले. अकराही गाड्या मी पदरमोड करून दुरुस्त केल्या. शेडचं भाडं तीन महिने थकलं.

त्यात समोरचा गॅरेजवाला. आमच्याच शेडात दोन वर्षं काम शिकला, मीटर धरायला बाबांनी शिकवलं. तो चौकात ड्रायव्हरांना सांगत सुटला, यांनी हात लावला की क्लच जळतो. स्वतः मात्र २५-३० मिनिटांत निघणाऱ्या प्लेटसाठी कॉम्प्रेसर बदलायचा. ते मी विसरलेलो नाही, विसरणारही नाही.

काकांनी तेव्हा दोन्ही ट्रेलर मुद्दाम आमच्या दारात उभे केले, दिवसभर खाटेवर बसून राहिले आणि एकेका मालकाला फोन लावला, "गाडी इथंच आण." शेड त्या फोनांवर उभं राहिलं. बाबा गेले तेव्हाही पहिले तेच आले होते.

तेव्हापासून कॉइल बसवण्याआधी ओम मोजतो आणि मार्करनं तिच्यावरच लिहितो. तुम्हीही मेकॅनिककडून मोजून घ्या. सकाळी एसी चालतो आणि दुपारी बंद पडतो, तर लगेच गॅस भरू नका. प्लेट-पुलीतला गॅप फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, तीन जागी बघा. बहुतेक क्लचला ०.३ ते ०.६ मिलिमीटर लागतो. प्लेट झिजून गॅप वाढला की तापलेली कॉइल तिला ओढू शकत नाही. बऱ्याचदा प्लेटमागची एक शिम, म्हणजे पातळ चकती, काढली की काम होतं. कनेक्टरवर पूर्ण व्होल्टेज येतंय का, अर्थिंग गंजलंय का, तेही बघा. आणि कोळशाची गाडी असेल तर कंडेन्सर, म्हणजे गॅस थंड करणारी जाळी, आठवड्याला धुवा, पण प्रेशरनं जाळी वाकवू नका. धूळ बसली की गॅसचं प्रेशर चढतं, क्लच घसरतो, जळतो. थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवा.

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना केबिनमध्ये एसी बंधनकारक झालाय. झोप लागेल म्हणणारे मालकही आता विचारायला येतात.

काकांचा जुना ट्रेलर कालपासून उभा आहे. प्लेटचे रिव्हेट तुटलेत, पुली सैल वाजतेय. उद्या पहाटे त्याला नागपूरला निघायचंय.