गाडीतलं पाणी जातंय कुठे?

मे महिन्यातली दुपार, कुंभार्ली घाट, मागच्या सीटवर आई आणि डिकीत आंब्याच्या चार पेट्या. चिपळूणहून पुण्याला निघालो होतो. पोफळी मागे पडली, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढायला लागली आणि पाचसहा वळणांतच समोर लाल दिवा पेटला. माझ्या गाडीला तापमानाचा काटा नाही. इंजिन गार असताना निळा दिवा, हाताबाहेर गेलं की लाल. मधे काय चाललंय ते गाडीलाच ठाऊक.

एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. हीटर म्हणजे आतल्या बाजूचा एक छोटा रेडिएटरच (गरम पाणी हवेने गार करणारी जाळी), इंजिनातली थोडी उष्णता तो काढून घेतो. पण हे आईला समजावायची ती वेळ नव्हती. "मे महिन्यात हीटर? डोकं फिरलंय का तुझं?" एवढंच ती म्हणाली. रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या टाकीच्या झाकणाखालून फुसफुस आणि एक गोडसर वास. मागून आलेल्या टेम्पोवाल्याने जाता जाता ओरडून सांगितलं, "झाकणाला हात लावू नका हां, तोंड भाजंल!" बरोबर होतं त्याचं. आत दाब असतो म्हणून ते पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब एकदम उतरतो आणि तेच पाणी उसळून अंगावर येतं. पाऊण तास थांबलो. मग उघडलं, तर टाकीच्या तळाला गुलाबी रेघ तेवढी उरलेली. पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्या ओतल्या, कोयनानगरला परत भरलं, पाटणला परत. पुण्यात पोचेपर्यंत रात्र झाली.

त्यानंतरचे दोन महिने मी गॅरेजांना देणगी देण्यात घालवले. पहिल्या गॅरेजने वरचा होजपाइप बदलला, कारण तो क्लिपपाशी ओला दिसला. साडेसहाशे रुपये. आठ दिवसांनी टाकी पुन्हा अर्धी. दुसऱ्याने रेडिएटरवर बोट ठेवलं. हल्लीच्या रेडिएटरला ॲल्युमिनियमच्या जाळीच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकच्या टाक्या दाबून बसवलेल्या असतात आणि त्या सांध्यातून गळणं हे नेहमीचं दुखणं, त्यामुळे मलाही पटलं. ५,८०० रुपये गेले. वर त्याने मला न विचारता आणखी दोन उद्योग केले: थर्मोस्टॅट (तापमान बघून पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह, मिस्त्रींच्या भाषेत वॉल) काढून टाकला आणि कूलंटऐवजी, म्हणजे टाकीत असायला हवं त्या गुलाबी मिश्रणाऐवजी, नळाचं पाणी भरलं. जाब विचारला तर म्हणाला, "साहेब, तो वॉल थंड देशातल्या गाड्यांना लागतो. आपल्याकडे काढलेलाच बरा."

हे वाक्य तुम्हीही कधी ना कधी ऐकलं असेल. ते चूक आहे. इंजिन साधारण नव्वद अंशांच्या आसपास नीट चालतं, मग बाहेर मुंबई असो की मनाली. थर्मोस्टॅट ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान कधीतरी उघडतो आणि तोवर पाणी रेडिएटरकडे जाऊच देत नाही. तो काढला की इंजिन नीट तापत नाही, गाडीचा कंट्रोलर त्याला गार समजतो आणि पेट्रोल जास्त सोडतो. माझं मायलेज सोळावरून तेरावर आलं. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडला की आतली आडवाट बंद होते. तो नसेल तर थोडं पाणी रेडिएटरला न भेटताच फिरत राहतं, म्हणजे घाटात उलट जास्तच ताप. नळाच्या पाण्याने क्षार साचतो आणि गंज धरतो तो वेगळाच.

तिसऱ्या गॅरेजात गाडी चालू करूनही कोणी पाहिली नाही. "पाणी पितेय आणि खाली थेंब नाही? मग हेड गॅस्केट उडालंय. हेड उतरवायला लागेल, फेसिंग करायला लागेल, ३२ हजार धरून चाला."

हेड गॅस्केट म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधला पातळ थर, आणि फेसिंग म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं. तो आकडा ऐकला आणि मी घरी येऊन वही काढली.

तोवर सगळ्यांनी, मीही, एकच गोष्ट गृहीत धरली होती: पाणी गळतं म्हणून इंजिन तापतं. उलटं असू शकतं हे कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही, ते नंतर आलं. सुरुवातीला फक्त मोजायचं ठरवलं. टाकीवर मार्करने रेघ मारली आणि रोज सकाळी, इंजिन पूर्ण गार असताना, पातळी लिहायला लागलो. गरम इंजिनावर पातळी वर दिसते, त्यामुळे ती मोजून उपयोग नाही. रात्री इंजिनाखाली मोठा पुठ्ठा अंथरायचो. तो रोज कोरडा निघायचा. (गळणारं कूलंट कधी तसंच सोडू नका. त्यातलं ग्लायकॉल चवीला गोड आणि जहरी असतं, सोसायटीतली कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.) स्टिअरिंगखालच्या सॉकेटात लावायचं एक छोटं ओबीडी यंत्र मागवलं. ते फोनवर इंजिनाचं तापमान दाखवतं. ज्या गाडीला काटा नाही तिला मी फोनचा काटा लावला म्हणा ना.

तीन आठवड्यांत वहीत चित्र दिसायला लागलं. ऑफिसला जाऊन येऊन पातळी हलत नाही. रविवारी मुद्दाम सिंहगडावर गाडी घातली, तर दुसऱ्या दिवशी साडेतीनशे मिली कमी. पुढच्या रविवारी परत सिंहगड, परत तेवढंच. घरच्यांना वाटलं मला पिठलं-भाकरीचं व्यसन लागलं. म्हणजे पाणी सारखं जात नव्हतं. एका विशिष्ट वेळी जात होतं.

एका मित्राने हडपसरच्या एका वयस्क मिस्त्रींकडे पाठवलं, त्यांना सगळे चाचा म्हणतात. चाचांनी वही चाळली, चष्मा कपाळावर नेला आणि विचारलं, "पाणी जायला वाटा किती? एक बाहेर. एक सिलिंडरमध्ये, धुरावाटे. एक ऑइलमध्ये. आणि एक हीटरमधून तुमच्या पायाशी. हवेत गायब होत नाही ते. वाटा एकेक करून बंद करू."

ऑइलचं झाकण उघडलं: आत सायीसारखा पांढरट थर नाही. डिपस्टिक स्वच्छ. पायाखालचं कार्पेट दाबून बघितलं, कोरडं. काचेवर चिकट धुकंही कधी धरलं नव्हतं. मग त्यांनी टाकीच्या तोंडावर एक काचेची नळी बसवली, तिच्यात निळं द्रावण. इंजिन चालू ठेवून टाकीतली हवा त्या द्रावणातून ओढायची. गॅस्केट फाटलं असेल तर सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरतो आणि त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळ्याचं पिवळं होतं. दहा मिनिटं मी त्या नळीकडे दहावीच्या निकालाकडे बघावं तसा बघत होतो. निळं ते निळंच राहिलं. बत्तीस हजार वाचले. ही चाचणी काही शे रुपयांत होते आणि तिसऱ्या गॅरेजने ती केली नव्हती, याचा राग मला अजून येतो.

मग गार इंजिनावर हातपंपाने टाकीत दाब भरला. झाकणावर १.१ बार लिहिलेलं होतं, तेवढाच. वीस मिनिटं काटा जागचा हलला नाही. चाचाही जरा बुचकळ्यात पडले. "गार असताना धरतंय. गरम असताना सोडत असेल. पण सोडण्याइतकी गरम होतेच का?"

हा प्रश्न घेऊन मी घरी आलो. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये एका सहकाऱ्याची हुबेहूब तीच गाडी उभी होती. दोन्ही गाड्या चालू केल्या, दोन्हींचे एसी लावले. त्याचा रेडिएटरचा पंखा लगेच हळू घुमायला लागला. माझा गप्प. माझं तापमान चढत गेलं, ९६, १००, १०४, आणि १०५ ला पंखा एकदम विमानासारखा गरजला. मला इतके दिवस वाटायचं, काय जोरदार पंखा आहे आपला! खरी गोष्ट अशी की पंख्याला दोन वेग होते आणि त्यातला हळू वेग मेलेला होता. तो वेग एका रेझिस्टरमधून (पंख्याला जाणारी वीज कमी करणारा छोटा भाग) चालतो आणि ते जळलं होतं. हमरस्त्यावर वाऱ्यानेच रेडिएटर गार होतो, तिथे पंख्याची गरज क्वचित. ऑफिसच्या रस्त्यावर सिग्नलला थांबणं फार नाही. घाटात मात्र वेग वीस-पंचवीसचा, इंजिन जोरात आणि वारा नाही. तिथे सगळा भार पंख्यावर, आणि पंखा मात्र १०५ होईपर्यंत झोपलेला. माझ्या गाडीत होतं ते नुसतं पाणी उघड्यावर साधारण १०० अंशांना उकळतं, शाबूत झाकणाच्या दाबाखाली १२० च्या आसपास. म्हणजे १०५ ला उकळत नव्हतं, पण सगळी यंत्रणा रोजच्यापेक्षा जास्त तापत आणि ताणली जात होती.

आणि तेवढ्या तापातच कुठली तरी गळकी जागा उघडत होती. चाचांनी दाब मोजायचं यंत्र गार इंजिनावरच बसवलं आणि मग गाडी चालू करून तशीच तापू दिली, डोळा काट्यावर ठेवून. ९८ च्या पुढे काटा चढायचा थांबला, मग किंचित खाली आला. टॉर्च आणि लांब दांड्याचा आरसा घेऊन ते इंजिनाच्या मागच्या अंगाला डोकावत राहिले. "या, बघा." थर्मोस्टॅट ज्यात बसतो त्या काळ्या प्लॅस्टिकच्या घराला, शिवणीवर, केसाएवढी चीर. खाली इंजिनावर पांढरट-गुलाबी खपली साठलेली. तिथून निसटलेला प्रत्येक थेंब तापल्या लोखंडावर पडून जागीच वाफ होत होता. पुठ्ठा कोरडा राहणारच! आणि दुसऱ्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढताना हेच घर उघडलं होतं. चीर तेव्हा होती की त्याच्या पान्याने पडली, ते आता कोण सांगणार. घाटात गाडी तापली ती त्याच्या आधी, तेव्हा सगळं त्याच्या माथी मारता येत नाही.

दुरुस्ती दीड तासाची. नवं घर, नवा थर्मोस्टॅट, पंख्याचं रेझिस्टर, आणि झाकण जुनं म्हणून तेही. सगळं मिळून ३,४०० रुपये. नळाचं पाणी दोनदा धुऊन काढलं, पहिल्यांदा चहासारखं बाहेर आलं. तयार मिसळलेलं कूलंट भरलं. भरताना हीटर पूर्ण उघडा ठेवून, गाडीचं नाक उतारावर वर करून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. आत हवा अडकली तर नव्या कोऱ्या सामानासकट गाडी पुन्हा तापते. गळती बंद करायची पावडर टाकू का, असं मी विचारलं होतं. चाचा म्हणाले, "चीर भरेल की हीटरच्या नळ्या भरतील, ते पावडरला कोण सांगणार?"

गणपतीत चिपळूणला गेलो. परतताना आई मागेच बसली होती, एसी चालू, फोन समोर लावलेला. पोफळीनंतर ९३, ९५, ९६, मग पंख्याची ती हळू घरघर, आणि आकडा ९२ वर. घाटमाथ्यापर्यंत तेवढ्यातच खेळत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी रेघेवर.

पाच लिटरचा डिस्टिल्ड वॉटरचा कॅन मात्र डिकीतून अजून निघालेला नाही. तो काढला तर फणसाला जागा होईल, असं आईचं म्हणणं आहे.