शुक्रवारी दुपारी निघालेला अर्ज

अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, आमच्या काउंटीच्या (जिल्ह्याच्या) रोजगार केंद्रात १५ मार्च २०१९ च्या शुक्रवारी, दुपारी दोनच्या सुमारास, एक जण बायोडाटा छापून घ्यायला आला. मोटारींचे वायर हार्नेस, म्हणजे विजेच्या तारांचे जुडगे, बनवणाऱ्या कारखान्यातून त्याला कमी केलं होतं. कधी, असं मी विचारल्यावर त्यानं घडी घातलेलं पत्र पुढे केलं. कामाचा शेवटचा दिवस १६ मार्च २०१८. जाता जाता म्हणाला, "मशिनं मेक्सिकोला गेली. पॅक आम्हीच केली."

हे वाक्य कानावर पडलं की बायोडाटा बाजूला ठेवायचा. परदेशी व्यापारामुळे नोकरी गेलेल्यांसाठी ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स, म्हणजे टीएए, ही योजना अमेरिकेत १९६२ पासून होती. तिचं नंतरचं रूप १९७४ च्या ट्रेड अ‍ॅक्टमधलं. तिच्यात माणूस एकटा पात्र ठरत नसे. आधी कामगारांचा गट मंजूर व्हावा लागे, आणि ती मंजुरी अर्जाच्या तारखेपासून मागे एकच वर्ष जाई. अर्जावर १५ मार्च २०१९ पडली, तर १५ मार्च २०१८ पासून पुढे काढलेले सगळे आत. सोमवारची १८ तारीख पडली असती, तर हा माणूस आणि त्याच दिवशी काढलेले त्याचे सोबती कायमचे बाहेर.

अर्ज तसा छोटा. कारखान्याचं नाव-पत्ता, तिथे काय बनतं, किती जणांना कधी काढलं, कंपनीत कोणाशी बोलायचं आणि व्यापाराचा संबंध का वाटतो. सह्या तीन कामगारांच्या लागत. त्यानं दोघांना फोन लावले. एक दुसऱ्या नोकरीत शिफ्टवर होता, दुसऱ्याचा नंबर बंद. इथेच बरेच लोक परत फिरत. पण युनियन, कंपनीचा अधिकारी किंवा रोजगार केंद्रही हा अर्ज करू शके आणि मग तीन सह्या लागत नसत. अर्ज आम्हीच केला. एक प्रत वॉशिंग्टनला कामगार खात्याकडे, एक राज्याकडे, त्याच दुपारी.

पुरावा गोळा करायचं ओझं कामगारावर नसे. खात्याचा तपास अधिकारी कंपनीकडून विक्री, उत्पादन आणि आयातीचे आकडे गोपनीय मागवी, गरज पडली तर गिऱ्हाइकांनाही विचारी. गट ५० पेक्षा लहान असेल तर निदान ३ जणांची नोकरी गेलेली किंवा जाण्याच्या बेतात हवी असे. मोठा असेल तर ५ टक्के किंवा ५० जण. पुढे मुख्य वाटा दोन. एक तर तशाच मालाची आयात वाढून इथली विक्री किंवा उत्पादन घटलेलं, नाहीतर कामच परदेशी हलवलेलं. दुसरी वाट त्या वेळी सोपी होती, कारण तिथे आयात वाढल्याचं दाखवावं लागत नसे. म्हणून "स्पर्धा वाढली" असं मोघम लिहिण्यापेक्षा "अमुक लाइनची मशिनं अमुक महिन्यात मेक्सिकोला गेली" हे लिहिणं शंभर पटींनी चांगलं असे.

तपासाला कायद्यानं ४० दिवस. प्रत्यक्षात जास्त लागले, आणि मे संपता संपता गट मंजूर झाला. मग खरी अडचण निघाली. योजनेतून मिळणाऱ्या भत्त्याचा याच माणसाचा दावा नामंजूर! पगाराच्या पावतीवर कारखान्याचं नाव नव्हतंच. मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीचं होतं, आणि मंजुरीपत्रात फक्त कारखाना. दोनच्या घाईत अर्जावर एजन्सीचं नाव घालायचं राहिलं, ही चूक आमचीच. अशा वेळी नवा अर्ज करायचा नाही, कारण तारीख नवी पडे. जुन्याच मंजुरीत दुरुस्ती मागायची. रोजचं काम कारखान्याचा सुपरवायझर सांगत होता, हजेरी तोच घेत होता, हे शिफ्टच्या तक्त्यांवरून दाखवलं आणि एजन्सीचे कामगार यादीत आले.

भत्ता बेकारी भत्त्याइतकाच, पण आधी बेकारी भत्ता संपलेला हवा. दोन्ही मिळून ५२ आठवडे. ओहायोतले २६ त्यानं घेतलेले होते, म्हणून २६ उरले. पुढचे ६५ फक्त मान्य प्रशिक्षणात असणाऱ्याला, शेवटी अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी आणखी १३. नोकरी जाण्याआधीच्या ५२ आठवड्यांत निदान २६ आठवडे त्या कामावर, आठवड्याला ३० डॉलर किंवा जास्त मजुरीनं, काम केलेलं लागतं. एजन्सीकडून चार महिन्यांसाठी आलेले इथे गळतात. प्रशिक्षण मात्र त्यांनाही मिळतं, हे त्यांना कोणी सांगत नाही. आपला माणूस एसी-हीटिंगच्या कोर्सला गेला, फी योजनेतून.

शेवटच्या तुकडीतली ५४ वर्षांची एक बाई शिकायला तयार नव्हती. तासाला २१ डॉलरवरून ती साडेपंधरावर आली होती. पन्नाशी ओलांडलेल्या आणि नव्या नोकरीत वर्षाला ५०,००० डॉलरपेक्षा जास्त न मिळवणाऱ्याला पगारातल्या फरकाचा निम्मा भाग मिळे. तिचा फरक वर्षाला ११,४४० डॉलर, निम्मा ५,७२०. पण दोन वर्षांची कमाल मर्यादा १०,०००, त्यामुळे हिशेब तिथेच थांबला.

पुणे-हिंजवडीकडे काम गेलेल्या इथल्या संगणकवाल्यांना ही दारं उशिरा उघडली. प्रत्यक्ष डिस्कवर न विकलेलं सॉफ्टवेअर 'वस्तू' धरायला खातं २००६ पर्यंत तयार नव्हतं, आणि सेवा क्षेत्र कायद्यात आलं ते २००९ मध्ये.

१ जुलै २०२२ पासून खातं नव्या अर्जांवर निर्णय देत नाही. पण कोणी आलं की पहिला प्रश्न अजून तोच असतो: शेवटचा दिवस कोणता? ३० जून २०२२ किंवा त्याआधीचा असेल तर मंजूर गटांची जुनी यादी चाळायची, कारखान्याच्या नावानं आणि एजन्सीच्याही. गट कधीच मंजूर झालेला असतो आणि माणसाला पत्र गेलेलं असतं ते जुन्या पत्त्यावर.