लेइलानी म्हणजे गळ्यातला ताईत

बारशासाठी चार घरांत नसलेलं नाव शोधताना लेइलानी हे हवाई बेटांवरचं नाव हमखास समोर येतं. नावांच्या याद्या 'स्वर्गातली फुलं' एवढं सांगून पुढे जातात. त्यात या नावाचा जीवच निसटतो.

लेइ म्हणजे गळ्यात घालायचा हार: फुलांचा, पानांचा, शिंपल्यांचा, आणि पूर्वी सरदार घराण्यांसाठी पक्ष्यांच्या पिसांचा. लाडक्या लेकरालाही तिथे लेइच म्हणतात, कारण खांद्यावर बसवलं की त्याचे दोन्ही पाय हारासारखे गळ्याच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबतात. आपला 'गळ्यातला ताईत' अगदी तोच. लानी म्हणजे आकाश, आणि राजघराण्यातली माणसंही. म्हणून लेइलानी म्हणजे आभाळातला हार आणि राजकुळातलं लाडकं मूल, दोन्ही.

तिथल्या परंपरेत नाव फक्त छान वाटावं म्हणून ठेवलं जात नसे. हवाईच्या शेवटच्या राणीचा जन्म 1838चा. तेव्हा राजघराण्यातल्या एका बड्या स्त्रीचे डोळे आले होते, म्हणून बाळाची नावं पडली लिलिउ, लोलोकु, वालानिया, कामाकाएहा: चुरचुर, आसवं, आग, दुखरे डोळे. पुढे 1877मध्ये वारस ठरल्यावर ती लिलिउओकालानी झाली. पूर्वजाने स्वप्नात सुचवलेलं नाव टाळलं तर मूल आजारी पडतं, असंही मानत. दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम ओंगळ नावं ठेवत. आपल्याकडचे दगडू, कचरू, धोंडू आठवावेत. 1860च्या कायद्याने मात्र प्रत्येक मुलाला ख्रिस्ती पहिलं नाव आणि वडिलांचं नाव आडनाव म्हणून सक्तीचं केलं. हवाईयन नाव मधल्या जागेत सरकलं. तो कायदा 1967पर्यंत टिकला, हे वाचताना आजही वाईट वाटतं.

नाव खरंच हवाईयन आहे का, हे बाराखडीच सांगते. त्या लिपीत पाच स्वर आणि आठ व्यंजनं. जोडाक्षर नाही, शब्दाचा शेवट कायम स्वरावर. र, स, ब, द, ग यांतलं एकही अक्षर दिसलं तर ते अस्सल हवाईयन नाव नव्हे. मारियाचं तिथे मालिया झालं ते र नसल्यामुळेच.

उच्चारात 'लेइ' एका झटक्यात आणि जोर 'ला'वर. मुळात शेवटचा स्वर ऱ्हस्व आहे, पण मराठी शुद्धलेखनाप्रमाणे 'नी' दीर्घच लिहायचा. इंग्रजी स्पेलिंगवरून लिहिणारा लीलानी किंवा लैलानी करून ठेवतो. म्हणून महापालिकेच्या जन्मनोंदणीच्या अर्जावर देवनागरी नाव स्वतःच्या हाताने लिहावं आणि दाखला हातात येताच 'ले'पुढचा 'इ' सुटा छापलाय का ते तिथेच पाहावं. आत्यालाही आधी दोनदा म्हणायला लावावं, कारण बाळाच्या कानात पहिल्यांदा नाव तीच सांगणार आहे.