मोरपंखी पापणी: मेन रोडवरच्या स्वस्त शिमरचा माझा अनुभव

मामेबहिणीची हळद मे महिन्यात होती, नाशिकला पंचवटीतल्या कार्यालयात. सगळ्यांनी पिवळं नेसायचं ठरलं आणि मला डोळ्यांवर चमक हवी झाली. ऑफिसला जाताना तपकिरी आयशॅडो मी नेहमी लावते, पण शिमरला, म्हणजे चमकणाऱ्या आयशॅडोला, कधी हात लावला नव्हता. एका दिवसासाठी दोन-अडीच हजारांची पॅलेट घेणं मनाला पटेना. महिनाभर आधीच रविवार कारंजाला उतरले, मेन रोडला गेले आणि चार सुट्या डब्या घेतल्या. एक तांबूस, एक फिकट सोनेरी, एक मोरपंखी आणि एक जाड रुपेरी चमकीची. पहिल्या दोन ९९ रुपयांना, मोरपंखी १४९ला आणि रुपेरी फक्त ४०ला.

त्या ४० रुपयांच्या डबीनेच घात केला. संध्याकाळी ती लावून पाहिली, एक कण डोळ्यात गेला आणि मी डोळा चोळला. सकाळी डोळा लालभडक, उजेड सहन होईना. डॉक्टरांनी तपासलं, थेंब दिले आणि सांगितलं की ही हस्तकलेची चमकी आहे, प्लास्टिकच्या पातळ पत्र्यापासून कापलेली. तिच्या कडा धारदार असतात, बुबुळावर ओरखडा उठू शकतो. चोळण्याऐवजी स्वच्छ पाण्याने डोळा धुवायला हवा होता. आठवडाभर काजळसुद्धा बंद.

त्या आठवड्यात मी चारही डब्या उलट्या करून वाचल्या. रुपेरी डबीवर नाव, गाव, काहीच नव्हतं. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांसाठी २०२०चे नियम आहेत. त्यांनुसार उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच नंबर आणि कधीपर्यंत वापरायचं ते छापावं लागतं. इथे बनलेल्या मालावर परवाना क्रमांक हवा, परदेशी मालावर नोंदणी क्रमांक. बाकीच्या तिन्ही डब्यांवर हे सगळं होतं. घटकांमध्ये पहिलंच नाव मायका, म्हणजे आपलं अभ्रक, आणि त्यापुढे सी.आय. ७७०१९ हा त्याचा क्रमांक. रुपेरी डबी मी फेकून दिली. उरलेल्या तिन्ही कोपराच्या आतल्या बाजूला जराजरा लावून दोन दिवस वाट पाहिली. खाज नाही, पुरळ नाही, मग पुढे गेले.

ब्रशने पहिला प्रयत्न पूर्ण फसला. अर्धी चमक गालावर उतरली आणि पापणीवर नुसती राखाडी धूळ दिसत होती. मग अनामिकेचं टोक डबीत दाबून पापणीवर टेकवलं. घासायचं नाही, फक्त टेकवायचं आणि उचलायचं. तेवढ्याने तांबूस रंग असा उमटला की भांडी बाजारात चिंचेने घासून ठेवलेला तांब्याचा हंडा आठवावा. बोटाच्या उबेने आणि दाबाने ते चपटे कण पापणीवर आडवे बसतात आणि उजेड एका दिशेने परततो. ब्रशने ते वेडेवाकडे उभे राहतात. फिकट सोनेरी मात्र माझ्या गव्हाळ रंगावर पिठूळ दिसली, ती फक्त डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात ठिपक्यापुरती ठेवली.

खरा जीव जडला मोरपंखीवर. डबीत पाहिलं तर मळकट तपकिरी, दुकानात मी जवळपास परत ठेवली होती. मान वळवली की तोच रंग हिरवा, आणखी वळवली की निळा. ह्याला ड्युओक्रोम म्हणतात. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साईडचा थर दिलेला असतो आणि त्या थराच्या जाडीवर कोणता रंग परत फिरणार ते ठरतं. उरलेला उजेड आरपार खाली जातो. खाली फिकट काही असेल तर तो उजेडही परत येतो आणि रंग धुऊन निघाल्यासारखा दिसतो. खाली काळं असेल तर तो तिथेच जिरतो आणि हिरवा-निळा तेवढा उरतो. हे कळल्यावर मी पापणीवर आधी काजळ लावलं, बोटाने पुसट पसरवलं आणि वर मोरपंखी टेकवली. आरशासमोर मी कितीतरी वेळ नुसती मान हलवत उभी होते. सावळ्या पापणीवर हा रंग फिकट पापणीपेक्षा जास्त खुलतो. लहानपणापासून ‘तुला भडक शोभत नाही’ ऐकत आलेल्या मला हे समजणं फार मोलाचं वाटलं.

उरला प्रश्न घामाचा. मे महिन्यातलं नाशिक, त्यात माझ्या पापण्या तेलकट. दोन तासांत पापणीच्या घडीत रेघ पडायची. तीन-चार संध्याकाळी स्वयंपाक करताना लावून पाहिलं, तेव्हा जमलं: पापणी कोरडी पुसायची, कन्सीलरचा, म्हणजे डाग झाकायच्या क्रीमचा, अगदी पातळ हात द्यायचा, त्यावर चिमूटभर पावडर, मग काजळ, मग शिमर. आणि डोळे आधी, चेहऱ्याचा मेकअप नंतर, म्हणजे गालावर सांडलेलं पुसून टाकता येतं. काढताना कापसावर खोबरेल तेल घेऊन पापणीवर धरून ठेवायचं, ओढायचं नाही.

हळदीच्या दिवशी सकाळी साडेआठला लावलेली मोरपंखी दुपारी दोनपर्यंत टिकली. डाव्या डोळ्याच्या घडीत थोडी सरकली होती, तेवढंच. पिवळ्या साडीशेजारी ती अशी उठून दिसत होती की मामीने पंगतीतच माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. ‘अगं, हे हिरवं होतं ना मघाशी? मलाही लाव की.’ मामी पंचावन्नच्या आहेत, काजळापलीकडे त्यांनी कधी काही लावलेलं मी पाहिलं नव्हतं. हात धुऊन आम्ही खिडकीपाशी बसलो. त्यांच्यासाठी मी तांबूस निवडली. त्यांनी डोळे मिटले आणि मी अनामिका डबीत दाबली.