लाव्हा ट्यूबची नोंदवही: सुर्त्सहेलिर, आइसलँड

मंडळी, सुर्त्सहेलिर झालं एकदाचं! लाव्हा ट्यूबचा, म्हणजे वाहत्या लाव्ह्याने केलेल्या नळीसारख्या गुहांचा, नाद लागलेल्या बहुतेकांच्या यादीत ही गुहा असतेच. लांबीच्या हिशोबात बघायला गेलं तर हवाईची कझुमुरा ६५ किलोमीटरच्या वर जाते आणि ही साधारण १९७० मीटर, त्यामुळे रेकॉर्डवाल्यांना हिचं फार कौतुक नसतं, पण माझ्या यादीत ही पहिल्यापासून वरती होती, कारण इथे ज्यांनी लाव्हा येताना बघितला तीच माणसं, किंवा फार तर त्यांची पोरंबाळं, दगड थंड झाल्यावर आत शिरली आणि त्यांनी आत काय केलं त्याचा पुरावा मिळालाय. आपल्याकडे सह्याद्रीत फिरताना मला कायम चुटपुट लागते की एवढा अफाट लाव्हा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि बघायला माणूसच नाही, म्हणून आपल्या गोष्टी सगळ्या खूप नंतरच्या, पांडवांनी एका रात्रीत कोरलं वगैरे. इथे गोष्ट आणि दगड जवळपास एकाच वयाचे आहेत आणि मला ते दोन्ही एकत्र बघायचे होते.

आधी लाव्ह्याबद्दल. या पठाराचं नाव हाल्मुंडारह्राउन, पश्चिम आइसलँड, लांगयोकुल नावाच्या मोठ्या हिमनदीच्या कडेला उद्रेक झाला आणि लाव्हा सुमारे ५० किलोमीटर खाली वाहत गेला. काळ नवव्या शतकाचा शेवट. नॉर्वेकडून आलेल्या लोकांनी आइसलँडमध्ये वस्ती करायला सुरुवात केली साधारण ८७० च्या सुमारास, म्हणजे घरं बांधून, मेंढ्या सोडून जेमतेम एक पिढी होतेय तोवर हे. आणि त्यांच्या मूळ देशात ज्वालामुखी नाहीत हो! आजोबा-पणजोबांकडून ऐकलेलं काही नाही, गाठीला अनुभव नाही, आणि समोरून जमीन पेटत येतेय. हे डोक्यात ठेवून आत गेलं की मग पुढचं सगळं नीट लागतं.

नवीन मंडळींसाठी ट्यूब कशी होते ते पटकन सांगते. पातळ लाव्हा वाहत असतो, वरून हवा लागून त्याच्यावर दुधावर साय धरते तशी खपली धरते, ती जाड होत जाते आणि आतला लाव्हा तिच्यामुळे गरम राहून लांबपर्यंत पळतो, मग मागून पुरवठा थांबला की आतला माल उताराने निघून जातो आणि पोकळ नळी उरते. नंतर कुठेतरी छत कोसळतं आणि आपल्याला आत जायला दार मिळतं. बास, बाकी सगळे बारकावे त्या नळीच्या भिंतीवर असतात.

रस्ता असा: रेक्याविकहून बोर्गार्नेस, तिथून रेकहोल्ट, मग हुसाफेल, आणि काल्मान्स्तुंगाच्या पुढे खडीचा कच्चा रस्ता, जो फक्त उन्हाळ्यात उघडतो आणि ज्याला फोर बाय फोर घेऊनच जावं. वाटेत ह्राउनफोसार चुकवू नका. नदीच्या काठावर सुमारे ९०० मीटर रुंदीत थेट खडकातून पाणी बाहेर पडतंय, वर ओढा नाही, नदी नाही, नुसता काळा दगड, आणि तो आपलाच हाल्मुंडारह्राउन, म्हणजे हिमनदीचं वितळलेलं पाणी लाव्ह्याच्या खालून वाहत येऊन इथे डोकं वर काढतं. शेजारीच बार्नाफोस. तिथे पूर्वी नदीवर दगडाची नैसर्गिक कमान होती आणि घरची मोठी माणसं चर्चला गेलेली असताना दोन मुलं त्यावरून पडून गेली म्हणून आईने ती कमान तोडायला लावली, अशी गोष्ट सांगतात. मी तिथे फार थांबले नाही, पाणी भयंकर खवळलेलं असतं आणि ती गोष्ट ऐकल्यावर बघवत नाही.

गाडी लावली की दगडांच्या खुणा बघत थोडं चालायचं, आणि सपाट शेवाळलेल्या माळात अचानक मोठा खड्डा उघडतो, छत कोसळलेली जागा. खाली उतरतानाच हवा बदलते. माझा मावसभाऊ बरोबर होता, तो बरीच वर्षं डेन्मार्कला असतो आणि या असल्या जागांत माझ्यापेक्षा जास्त फिरलाय. पहिल्याच उतरणीला म्हणाला, "अगं थांब, दगड हलतोय का ते आधी बघ, मग वजन टाक." पूर्ण गुहेत हेच करायचं असतं. जमीन म्हणून काही नाही, छतातून पडलेले धोंडे, फ्रीज एवढे, टेबलाएवढे, एकावर एक, ओले, आणि मधल्या फटी काळ्या. तळव्याने सपाट जागा शोधत, हात टेकत, कधी बसून घसरत जायचं. आत थंडी शून्याच्या आसपास, आत खोलवर बर्फही असतो. हेल्मेट, जाड ग्लोव्हज, घोट्याच्या वर येणारे बूट आणि माणशी दोन स्वतंत्र टॉर्च, यात तडजोड नको. नीपॅड मी या वेळी पहिल्यांदा वापरले आणि आता त्याशिवाय जाणार नाही.

आता भिंत. मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की मला वाहण्याच्या पातळ्या वाचायला शिकायचंय, तर इथे ते जमायला लागलं. आडव्या रेषा दिसतात, काही नुसत्या ओरखड्यासारख्या, काही चक्क बाहेर आलेल्या, तळहाताच्या रुंदीच्या फळ्या. प्रत्येक फळी म्हणजे लाव्हा त्या उंचीवर काही काळ टिकून होता, कडेला थिजला, मग पातळी खाली गेली. एका जागी मी हाताने न शिवता टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवी धरली, तर फळीच्या खालच्या कडेला ओघळ दिसले, करंगळीएवढे, खाली येता येता वाकलेले, आणि सगळे एकाच दिशेला. म्हणजे ते ओघळत असताना खालून नदी वाहत होती आणि तिच्या गरम वाऱ्याने की ओढीने ते तिकडे कलले असावेत, निदान आम्ही दोघांनी तिथे उभं राहून तसंच लावलं. हजार-अकराशे वर्षांपूर्वी ते कुठल्या दिशेला वाहत होतं हे करंगळीएवढ्या दगडावरून कळतंय, मला तिथून हलवेना!

छताकडे बघून मात्र वाईट वाटलं. लाव्हा स्टॅलॅक्टाइट, म्हणजे छताला लटकलेले लाव्ह्याचे सुळके, जवळपास सगळे गेलेत. शतकानुशतकं लोक इथे येतायत आणि जाताना तोडून नेतायत, खुंट तेवढे राहिलेत. हे परत वाढत नाहीत. चुनखडीच्या गुहेत निदान पाणी ठिबकतं आणि हजारो वर्षांत काहीतरी परत होतं, इथे छत परत वितळल्याशिवाय नाही, म्हणजे कधीच नाही. कृपा करून कुठल्याही ट्यूबमधून काहीही उचलू नका, पडलेला तुकडाही नको.

आता ज्यासाठी गेलो तो भाग. मुख्य भुयाराच्या बाजूला वरच्या पातळीवर फाटा आहे, तिथे आत खोल, पूर्ण अंधारात, दगड रचून केलेलं होडीच्या आकाराचं बांधकाम आहे. त्यात आणि आसपास जनावरांची हाडं, मेंढ्या, बकऱ्या, गाई-बैल, घोडे, डुकरं, बारीक तुकडे केलेली आणि जाळलेली. केविन स्मिथ, गुडमुंडुर ओलाफसन या पुरातत्त्वज्ञांनी आणि त्यांच्या टीमने इथे वर्षानुवर्षं काम केलंय आणि २०२१ मध्ये त्यांचा सविस्तर अभ्यास आला. त्यांचं म्हणणं, उद्रेकानंतर लगेचच लोक आत यायला लागले आणि पुढची साधारण ८० ते १२० वर्षं, म्हणजे इ. स. १००० च्या सुमारास आइसलँड ख्रिश्चन होईपर्यंत, इथे विधी होत राहिले. सापडलेल्या वस्तू बघा: ६३ मणी, त्यातले तीन इराककडचे, आणि हरताळ, म्हणजे ते पिवळंधमक आर्सेनिकचं खनिज, पूर्व तुर्कस्तानातून आलेलं. उत्तर अटलांटिकमधल्या एका बेटावर, जमिनीखाली, काळोखात, इराकचा मणी. तो तिथे पोचेपर्यंत किती हातांतून गेला असेल आणि इतकी मोलाची गोष्ट माणूस अंधारात सोडून येतो म्हणजे पोटात केवढी भीती असेल!

भीती सुर्तरची. गुहा त्याच्याच नावाची. नॉर्स, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या, कथांमधला आगीचा राक्षस, जगाच्या शेवटी येऊन सगळं जाळणार, आणि त्याच लढाईत फ्रेयर देव, जो पीकपाणी, गुरंढोरं सांभाळतो, तो सुर्तरच्या हातून मरणार. अभ्यासकांचा अंदाज असा की हे सगळं सुर्तरला शांत करायला किंवा फ्रेयरचं बळ वाढवायला चाललं होतं. मला हे पटतं, कारण शेतकऱ्याने स्वतःचं जनावर देऊन संकट टाळायला बघणं हे आपल्याला काही समजावून सांगायला लागत नाही. आइसलँडच्या वसाहतीच्या जुन्या नोंदींतही या गुहेचा उल्लेख येतो, थोरवाल्डुर नावाचा एक माणूस इथे आला आणि गुहेतल्या राक्षसावर रचलेलं स्तुतिकाव्य त्याने राक्षसालाच म्हणून दाखवलं. अंधारात एकटा उभा राहून राक्षसाला कविता ऐकवणारा माणूस! मी तिथे टॉर्च बंद करून थोडा वेळ उभी राहिले, भाऊ लांब होता, आणि त्या थोरवाल्डुरबद्दलचा माझा आदर प्रचंड वाढला.

आणखी एक कथा आहे, हाल्मुंडुर नावाच्या राक्षसाशी जोडलेली, ज्याच्या नावाने हा लाव्हा ओळखला जातो. थोर्दुर नावाचा माणूस आणि त्याचा गडी हिवाळ्यात चर्चला जाताना वाट चुकतात आणि एका गुहेत आसरा घेतात. रात्री आतून आवाज येतो आणि कविता म्हणायला लागतो, बारा कडवी, रात्रभरात तीनदा, त्यात डोंगर फुटण्याचं, आगीचं, दगड उडण्याचं वर्णन. आवाज बजावतो की ही लक्षात ठेवा नाहीतर खैर नाही. थोर्दुरला सगळी पाठ होते, गड्याला एकही ओळ आठवत नाही, आणि वर्षभराने गडी मरतो. आता गुहा कुठली ते सोडा, पण विचार करा, उद्रेकाचं वर्णन विसरलात तर मराल, असं सांगणारी ही कथा आहे. माझ्या मते तरी ज्वालामुखीच्या देशातली याहून शहाणी लोककथा नाही.

पुढच्या काळातल्या गोष्टी वेगळ्या. १२३६ मध्ये स्नोरी स्टुर्लुसनचा, म्हणजे नॉर्स कथा लिहून ठेवणाऱ्या आइसलँडच्या लेखकाचा, मुलगा ओरेक्या याला त्याच्याच चुलतभावाने पकडून इथे आणलं आणि त्याचे हाल केले, हा इतिहास आहे, आणि स्नोरीचं रेकहोल्ट आपल्याला येताना वाटेतच लागतं. मग ते गुहेतले दरोडेखोर. मेंढ्या चोरून इथे राहायचे, शेतकऱ्यांनी काल्मान्स्तुंगाचा एक पोरगा त्यांच्यात घुसवला, त्याने दगा देऊन त्यांना झोपेत घेरवलं, सगळे मारले गेले, फक्त एरिकुर नावाचा एकजण, एक पाय तुटलेला असतानाही, हातांवर कोलांट्या घेत समोरच्या बर्फाच्या डोंगरावर पळाला. तो डोंगर आज एरिक्सयोकुल म्हणून ओळखतात, आणि बाहेर आल्यावर हवा स्वच्छ असेल तर अख्खा दिसतो. मला वाटतं विधी थांबले, लोक विसरले, मग कुणीतरी दिवा घेऊन आत गेलं, एवढी हाडं बघितली, आणि एवढी जनावरं खाल्ली कुणी या प्रश्नाला हे दरोडेखोर उत्तर म्हणून आले. हे माझं मत, कुणाला वेगळं वाटत असेल तर जरूर बोला. त्या बांधकामाला हात लावायचा नाही, आत पाय टाकायचा नाही, हाडं तर मुळीच नाही, हे सांगायला नको.

फोटोंबद्दल, कारण मागे बऱ्याच जणांनी विचारलं होतं. काळा बेसॉल्ट उजेड पिऊन टाकतो आणि नुसता कपाळावरचा हेडलॅम्प असेल तर सावल्या पडतच नाहीत, भिंत सपाट दिसते. हातातली दुसरी टॉर्च कमरेच्या उंचीवर, भिंतीला समांतर धरा, लगेच फळ्या, ओघळ, सगळं उठून येतं. माणूस फ्रेममध्ये हवाच, नाहीतर आकार कळत नाही, आणि त्याला शटर पडेपर्यंत श्वास रोखायला सांगा, कारण थंडीत तोंडाची वाफ उजेडात येते आणि सगळा फोटो धुरकट होतो. नोंदवहीत मी आता प्रत्येक थांब्याला फळ्यांची उंची अंदाजे आणि ओघळांची दिशा लिहायला सुरुवात केलीय, घरी येऊन स्केच केलं तर मोठ्या बोगद्याचा उतार त्यातून बऱ्यापैकी लागला.

पुढे आता विद्गेल्मिर. याच लाव्ह्यात आहे, लांबी १५८५ मीटर, तोंडाशी लोखंडी दार आहे आणि गाईडबरोबरच सोडतात, त्यामुळे आतले लाव्हा स्टॅलॅक्टाइट बरेच शाबूत आहेत. इथे जे खुंट बघितले ते मुळात कसे असतात ते तिथे बघायचंय, आणि तिथेही व्हायकिंग काळातल्या माणसांच्या खुणा सापडल्यात. कुणी तिथे जाऊन आलं असेल तर एकच सांगा, गाईड भिंतीपाशी रेंगाळू देतात का, की ग्रुपबरोबर पळावं लागतं, त्यावर मी कुठली टूर घ्यायची ते ठरवणार आहे.