सहा डॉलरच्या कॉफीवरचे नऊ सेंट

मेलबर्नला राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात कॉफीच्या सहा डॉलरच्या बिलासाठी माझ्या कार्डातून सहा डॉलर नऊ सेंट वजा झाले, तेव्हा हिशेबात चूक झाली असे मला वाटले. गल्ल्याजवळ चिकटवलेली दीड टक्का अधिभाराची सूचना मी वाचलीच नव्हती. आपल्याकडे दहा रुपयांची कोथिंबीर घेतानाही क्यूआर कोड स्कॅन केल्यावर नेमके दहाच रुपये जातात, कारण यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर २०२० पासून दुकानदाराला शुल्क नाही. त्यामुळे पैसे देण्यासाठीही पैसे मोजायचे, हे मला फार खटकले.

ऑस्ट्रेलियाच्या रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये दुकानदारांना कार्डावर असा अधिभार घेण्याची मुभा दिली. महागड्या कार्डाचा खर्च ग्राहकाला दिसला, तर तो स्वस्त कार्ड काढेल, असा त्यामागचा विचार होता. प्रत्यक्ष खर्चापेक्षा अधिक अधिभार घेण्यास सप्टेंबर २०१७ पासून लहान दुकानांनाही मनाई आहे आणि अधिभाराविना पैसे देण्याची कोणतीच सोय नसेल, तर तो दर्शनी किमतीतच धरावा लागतो.

दुकानदार आपल्याला लुबाडतो, हा माझा समज आमच्या भागात किराणा दुकान चालवणाऱ्या एका मराठी काकांनी दूर केला. त्यांनी कार्ड मशीनच्या कंपनीचे मासिक विवरण माझ्यासमोर ठेवले. डेबिट कार्डाचा व्यवहार ईएफटीपॉस या स्थानिक जाळ्यातून गेला, तर त्याचा खर्च साधारणपणे अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो, मात्र काकांच्या करारात सर्व कार्डांना एकच दर असल्याने ती बचत त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि डेबिट कार्ड वापरणाऱ्या ग्राहकालाही क्रेडिट कार्डाइतकाच अधिभार भरावा लागतो. मोठ्या सुपरमार्केटांना घासाघीस करून दर उतरवता येतात. लहान व्यावसायिकांना सरासरी त्यांच्या सुमारे तिप्पट दर पडतो, हे खुद्द रिझर्व्ह बँकेनेच नोंदवले आहे. मला अन्याय दिसतो तो येथे, सूचनेच्या कागदावर नव्हे.

जुलै २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने ईएफटीपॉस, व्हिसा आणि मास्टरकार्ड यांच्यावरील अधिभार बंद करण्याचा प्रस्ताव मांडला आणि त्याचबरोबर दुकानदाराच्या बँकेने कार्ड देणाऱ्या बँकेला द्यायच्या शुल्काची मर्यादा क्रेडिट कार्डांसाठी ०.८ वरून ०.३ टक्क्यावर आणण्याचेही सुचवले. ग्राहक म्हणून मला हा प्रस्ताव योग्य वाटला, परंतु त्या आठवड्यात काकांनी विचारलेला प्रश्न मी विसरू शकलो नाही: ‘‘बँकांचं शुल्क उतरेल, पण माझा ठरलेला दर कोण उतरवणार? नाही उतरला, तर तूरडाळीचा भाव वाढवावा लागेल, आणि तो रोख देणाऱ्यालाही पडेल.’’

त्यानंतरच्या रविवारी दुकान बंद झाल्यावर आम्ही दोघे तीन कंपन्यांची दरपत्रके घेऊन बसलो. डेबिट आणि क्रेडिट यांचे दर वेगवेगळे दाखवणारे पत्रक त्यांत एकच होते.